आठ दिवे, एक झेल

सन दोन हजार चौदा, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पालोलोचे समुद्री किडे वर्षातून एकदा येतात तसे येऊन गेले होते, ज्यांच्या नशिबात होते त्यांनी ते तळून खाल्ले होते, आणि दुपारच्या सरी सुरू झाल्या होत्या. सामोआतल्या सावाई बेटावर, वायमोआ गावात, म्हाताऱ्या आलापातीच्या घरी ऑकलंडहून एक खोका आला. खोक्यात बागेत रोवायचे आठ सौर दिवे होते.

खोका मुलीने, फेतूने, पाठवला होता. आलापातीची बायको पेले हिने तो उघडला, एकेक दिवा पुसून बाहेर ठेवला आणि सासूच्या थडग्याभोवती कुठला कुठे रोवायचा ते मनात मांडूनही टाकलं. थडगं अंगणात घरासमोरच होतं, पांढऱ्या फरशीचं. पेले त्यावर चटईची पानं वाळवायची, आणि दुपारी सावली आली की तिथेच आडवी व्हायची.

“नको,” आलापाती म्हणाला.

आलापाती एका शब्दात बोलायचा. दुसरा शब्द लागलाच तर तो समोरच्याने समजून घ्यायचा.

“का नको?”

तेव्हा त्याने डावा हात पुढे धरला. तोटे तो डाव्या हातावर मोजायचा, फायदे उजव्यावर, आणि तोटे मोजताना शब्दांची काटकसर करायचा नाही. (उजव्या हाताची बोटं एकाहत्तर वर्षांत फारशी उघडली नव्हती.)

“एक. फुकटचा उजेड, तो मिणमिणताच असणार. दोन. बटण नाही. माझ्या घरात मी सांगेन तेव्हा दिवा लागतो. हे कोण आपल्या मनाने लागणारे? तीन. किडे येतील, किड्यांमागे पाली येतील. चार. ढग आले की उपाशी. पाच. आई मेली आहे. तिला काही वाचायचं नाही.”

“आईंना अंधाराची भीती वाटायची,” पेले म्हणाली.

“आईला?”

“तुला काय माहीत? मुलांना सांगत नाहीत असल्या गोष्टी. सुनांना सांगतात.”

डाव्या हाताला सहावं बोट नव्हतं. दिवे रोवले गेले.

आता आलापातीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तो स्वतः ती कधी सांगायचा नाही.

गावात सांजेच्या प्रार्थनेचा शंख तो फुंकायचा. एकतीस वर्षं. त्याआधी त्याचा बाप, बापाआधी आजा. पहिला शंख झाला की गावात जो जिथे असेल तिथे त्याने खाली बसायचं, मान झुकवायची. दुसरा शंख झाला की उठायचं. मधे कोणी चालताना दिसला तर मासळीच्या डब्यांचा एक खोका दंड, आणि तो वसूल करायलाही आलापातीच जायचा. सख्ख्या जावयाकडून त्याने खोका घेतला होता. पाद्र्याच्या पाहुण्याकडूनही घेतला होता, आणि पावती म्हणून मान हलवली होती.

वेळ ओळखायची रीत आजापासूनची. घराच्या समुद्राकडच्या खांबाला पाठ लावून बसायचं आणि लांब खडकांच्या रांगेवर फुटणारा पांढरा फेस बघायचा. फेस पाण्यात मिसळून दिसेनासा झाला की फुंकायचं. पंचाईत एवढीच झाली होती की गेल्या वर्षापासून आलापातीला फेस भर दुपारीही दिसत नव्हता.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. तो कोंबड्यांवर आला. सांज झाली की कोंबड्या नीरफणसाच्या झाडावर चढायच्या, त्यांची फडफड ऐकून तो फुंकायचा. गावाला काही कळलं नाही. पण ऑगस्टमध्ये पेलेने सगळ्या कोंबड्या चर्चच्या जेवणाला देऊन टाकल्या. त्या दिवसापासून आलापाती अंदाजाने फुंकत होता, आणि अंदाज घसरत चालला होता. एकदा तर इतका उशीर झाला की पहिला शंख वाजला तेव्हा लोक जेवून हात धूत होते.

“दाजी, सूर्याने आज तुमची परवानगी नाही का घेतली बुडताना?” तोमासीने विचारलं.

तोमासी म्हणजे पेलेचा धाकटा भाऊ. वय साठ, गावाच्या क्रिकेट संघाचा कप्तान, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ. त्याने गावच्या बैठकीत मांडलं की शंख पुरे झाला, गॅसचा रिकामा सिलिंडर आंब्याला टांगू आणि घड्याळ बघून हातोड्याने वाजवू.

“देव घड्याळ घालत नाही,” आलापाती म्हणाला. मग, कोणी मागितलं नसताना, आणखी एक वाक्य बोलला. “माझा शंख एकदा जरी चुकला, तरी घेऊन जा.”

सगळ्या बैठकीने ते ऐकलं. आलापातीने दिलेला शब्द म्हणजे सिमेंटमध्ये ठोकलेला खिळा. त्याला स्वतःलाही तो उपटता यायचा नाही.

त्याच संध्याकाळी तो खांबाशी बसला होता. फेस नव्हता, कोंबड्या नव्हत्या, फक्त एक मोठा करडा धूसरपणा होता. आणि त्या धूसरपणात, थडग्याच्या जागी, एकदम आठ पिवळट फुलं उमलली. आपली आपण. कोणी बटण न दाबता.

आलापाती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने शंख फुंकला.

दुसऱ्या दिवशी पाद्री म्हणाला, “काल अगदी वेळेवर.” तिसऱ्या दिवशीही म्हणाला. आठवडाभराने आलापातीने उजवा हात उघडला. चर्चच्या पायरीवर बसलेल्यांना तो स्वतःहून सांगू लागला, “वायर नाही. मीटर नाही. रॉकेल नाही. आणि बटण नाही, हे सगळ्यात चांगलं. माणूस विसरतो, सूर्य विसरत नाही.” घराबाहेर त्याने एका दमात एवढं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. दोघाजणांनी आपापल्या मुलांना ऑकलंडला फोन केले.

एक दिवा त्याने थडग्याजवळून उपटला आणि आपल्या खांबाशी रोवला.

“हा इकडे कशाला?” पेलेने विचारलं.

“आई इथे बसायची.”

“हो, हो,” पेले म्हणाली, आणि पानं विणत राहिली.

पुढच्या शनिवारी सातोआ गावाशी सामना होता. सारं वायमोआ मैदानावर गेलं. आलापाती गेला नाही. हल्लीच्या पोरांचं क्रिकेट बघण्यासारखं राहिलेलं नाही, असं तो म्हणाला. (चेंडू दिसत नाही असं तो म्हणाला नाही.) त्याने अळूचे कांदे आणि नारळाच्या दुधातली पानं पोटभर खाल्ली आणि घोरू लागला.

पेले निघता निघता आभाळ काळं झालं. घराला भिंती नव्हत्या, खांबच होते. तिने चारी बाजूंच्या झावळ्यांच्या झडपा खाली सोडल्या, वाळत टाकलेली पानं आत घेतली, आणि जाता जाता खांबाशी रोवलेला दिवा उपटून तोही आत आणून नवऱ्याच्या उशाशी ठेवला. भिजू नये म्हणून. (बागेसाठी केलेला दिवा पावसाला भीत नाही, हे खोक्यावर लिहिलेलं होतं. पण पेलेच्या घरात जी वस्तू आवडती, ती पाऊस आला की आत यायची.) मग डोक्यावर केळीचं पान धरून ती मैदानाकडे धावली.

झडपा खाली. आत अंधार. दिव्याने आपलं काम केलं.

सव्वातीनला आलापाती जागा झाला. समोर पिवळं फूल उमललेलं. बाहेर काळोख, पागोळ्यांचा आवाज. एवढा वेळ झोपलो याची त्याला लाज वाटली. त्याने घाईने शंख उचलला, झडपेच्या फटीतून तोंड बाहेर काढलं आणि फुंकला. अपराधी वाटत होतं म्हणून नेहमीपेक्षा जोरात फुंकला.

मैदानावर त्या क्षणी वायमोआचा शेवटचा गडी खेळत होता. जिंकायला नऊ धावा हव्या होत्या. त्याने चेंडू मारला तो सरळ आभाळात गेला, आणि त्याच्याखाली सातोआचा इओसेफो हात पसरून उभा राहिला. एकवीस वर्षांचा मुलगा, नारळाच्या झाडासारखा. झेल घेतला की सामना सातोआचा.

शंख झाला.

इओसेफोने वर चेंडूकडे पाहिलं, मग आपल्या गावाच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. वडीलधारे खाली बसत होते. परक्या गावात त्या गावची रीत मोडायची नाही. इओसेफोने मांडी घातली, मान झुकवली. चेंडू त्याच्या गुडघ्याशेजारी चिखलात पडला. थप्पकन आवाज झाला, आणि मग सगळीकडे शांतता.

“सव्वातीन वाजलेत,” मान खाली ठेवून तोमासी ओठांतल्या ओठांत म्हणाला.

“आलापाती चुकणार नाही,” शेजारचा गावप्रमुख तसाच पुटपुटला. “तुझं घड्याळ बघ.”

तोमासीने घड्याळ हलवून कानाशी धरलं. मागे बसलेल्या एकाने तर आपलं घड्याळ निमूटपणे साडेसहावर नेलं.

पाच मिनिटांनी सर ओसरली. दहा मिनिटांनी लख्ख ऊन पडलं. दोन्ही गावं, चारशे माणसं, तळपत्या उन्हात मान खाली घालून बसली होती आणि दुसऱ्या शंखाची वाट बघत होती. दुसरा शंख होत नव्हता. कारण आलापाती प्रार्थना म्हणता म्हणता पुन्हा झोपला होता.

पस्तीस मिनिटं झाली. एक कुत्रं सगळ्यांमधून फिरून प्रत्येकाला हुंगून आलं. शेवटी पेले उठली. लुंगी झटकली आणि दोन्ही गावांदेखत, प्रार्थनेच्या वेळी, ताठ मानेने चालत घरी गेली. वायमोआत असं कोणी केलेलं नव्हतं.

“अरे म्हाताऱ्या, ऊठ! फुंक!”

“फुंकला,” आलापाती डोळे न उघडता म्हणाला.

“दुसरा फुंक! लोक भाजून निघालेत!”

तिने झडप वर केली. ऊन आत आलं. दिवा विझला. आलापातीने दिव्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. दुसरा शंख त्याने असा फुंकला की तो शंख आहे हे ऐकणाऱ्याला ओळखावं लागलं.

सामना पुढे चालू झाला आणि वायमोआने नऊ धावा काढल्या. रिवाजाप्रमाणे सातोआला जेवण वाढलं. सातोआवाले एक शब्द न बोलता सगळं जेवले, एक हाडही मागे न ठेवता. पाहुणे असे जेवले की समजावं, राग फार मोठा आहे.

सोमवारी बैठक भरली. सातोआची बाजू मांडणारा त्यांचा वक्ताही काठी घेऊन आला होता. आलापाती पहिला बोलला.

“सहावा तोटा,” तो म्हणाला. “दिव्याला बाहेर दिवस आहे हे कळत नाही.”

मग त्याने शंख तोमासीसमोर ठेवला. “चुकला. घ्या.” आणि स्वतःचा दंड स्वतःच सांगितला: दहा खोके मासळी आणि एक पोसलेली डुकरीण. शिवाय प्रार्थनेत चालल्याबद्दल पेलेचा एक खोका वेगळा. (तो त्याने सकाळीच पेलेकडून मागून घेतला होता. पेलेने तो त्याच्याच फळीवरून काढून दिला.)

सातोआचा वक्ता काठीवर हात ठेवून उभा राहिला. “डुकरीण तुमची तुम्हाला लखलाभ. मासळी आमच्याकडे भरपूर आहे. सामना जिंकलात, तोही ठेवा. पण आमच्या पोराने तुमच्या रीतीचा मान राखला आणि हातातला झेल सोडला. वायमोआकडे आमचा एक झेल निघतो. तो द्या.”

डुकरं, मासळी, चटया, सगळं आजवर देऊन झालं होतं. झेल कोणी दिला नव्हता.

गावप्रमुखाने बराच विचार केला. “ज्याने बुडवला त्याने द्यावा,” तो म्हणाला. “येत्या शनिवारी आलापाती फलंदाजीला उभा राहील. चेंडू मारील, इओसेफो झेलील. फिटेपर्यंत शंख तोमासीकडे. फिटला की परत.” मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “आणि पुढे फुंकताना पेले शेजारी बसेल. वय आम्हालाही झालंय.”

गावप्रमुख त्याच्याकडे बघत होता. आलापातीने ते न दिसल्यासारखं केलं. ते त्याला सोपं जात होतं.

मंगळवारी सकाळी पेले त्याला चुलीघरामागे घेऊन गेली. त्याच्या हातात त्याची जुनी बॅट दिली, इथल्या क्रिकेटची, तीन कडांची, आणि लुंगीच्या ओच्यातून हिरवी संत्री काढली.

“मार.”

पहिलं संत्रं त्याच्या पोटाला लागलं. दुसरं कपाळाला.

“उन्हात डोळे दिपतात,” तो म्हणाला.

“ऊन तुझ्या पाठीमागे आहे.” पेलेने संत्री खाली ठेवली. “फेस तुला केव्हापासून दिसत नाही?”

आलापातीने बॅटची धूळ पुसली.

“कोंबड्या दिल्या तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. कोंबड्यांवर एवढं प्रेम तुझं कधी नव्हतं. मग मी फेतूला फोन केला. म्हटलं, दिवे पाठव, आपले आपण लागणारे.”

“आईला अंधाराची भीती—”

“आईंना? काळ्याकुट्ट रात्री वटवाघळं धरायच्या त्या! अंधारच त्यांना भीत असेल.”

आलापाती बॅटवर रेलून उभा राहिला. या वेळी त्याने बोटांवर काही मोजलं नाही.

“मग आत का आणलास तो दिवा?” तो म्हणाला.

“बाकीचे सात भिजू दिले ना मी? तो तुझा होता, म्हणून आणला.” पेलेने गळ्यातली शिट्टी ओठांत धरली. वायमोआच्या पाठीराख्यांची ताल धरणारी शिट्टी गेली वीस वर्षं तीच वाजवायची. “आता ऐक. बघू नकोस. मी वाजवली की फिरव.”

शुक्रवारपर्यंत परसात एकही संत्रं उरलं नाही.

तिकडे तोमासी आठवडाभर घड्याळाच्या ठोक्याला शंख फुंकत होता. वेळ अचूक होती. आवाज असा यायचा की गावातली डुकरं जेवणाची हाक समजून त्याच्या दारात जमायची. प्रार्थना चालू असेपर्यंत ती तिथून हलायची नाहीत.

शनिवारी चार वाजता आलापाती मैदानात उतरला. कंबरेला धुतलेली लुंगी, छाती पुढे. इओसेफोला मैदानाच्या मधोमध उभं केलं होतं. गोलंदाजाला सक्त ताकीद होती: हळू टाक.

पेलेने शिट्टी वाजवली. आलापातीने बॅट फिरवली.

चेंडू नारळांवरून समुद्रात गेला.

वायमोआने एकच आरोळी ठोकली. मग सगळ्यांना आठवलं की कशासाठी आलोय, आणि आरोळीचं हळूहळू कण्हणं झालं. दोन पोरं पोहत जाऊन चेंडू घेऊन आली.

“दाजी, बाद व्हायचंय!” तोमासी ओरडला.

“माहीत आहे.”

तीन कडांच्या बॅटवरून चेंडू कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसरा चेंडूही समुद्रात गेला. तिसरा पाद्र्याच्या स्वयंपाकघरात. चौथ्याला दांडी उडाली, पण सातोआचा वक्ता उठून म्हणाला, “आमचा झेल निघतो, दांडी नाही.” दांडी पुन्हा उभी केली. पाचवा समुद्रात. प्रत्येक वेळी पोरं पोहत जायची, आणि दर खेपेला आणखी सावकाश परत यायची.

“आजोबा,” इओसेफो जवळ येऊन हात जोडून म्हणाला, “जरा माझ्याकडे मारा ना.”

“उभा राहा तिथेच,” आलापाती म्हणाला. त्याची छाती आणखी दोन बोटं पुढे आली होती. चाळीस वर्षांत त्याचं कोणी असं आर्जव केलं नव्हतं, आणि त्याने अशा आरोळ्याही ऐकल्या नव्हत्या. दहाव्या चेंडूनंतर तो हसताना दिसला, असं काही लोक शपथेवर सांगतात.

पेलेला दिसत होतं की म्हातारा रंगात आलाय. असाच चालला तर नाताळ इथेच होईल. ऊन उतरलं होतं. तोमासी शंख हातात घेऊन घड्याळाकडे बघत होता. डुकरं जमू लागली होती.

पुढचा चेंडू आला. पेलेने शिट्टी थोडी लवकर वाजवली.

चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि सरळ वर गेला, उंच, आणखी उंच. इओसेफो धावत त्याच्याखाली आला. त्याच वेळी, मैदानापलीकडे, आलापातीच्या अंगणात आठही दिवे एकदम लागले.

तोमासीने शंख ओठांना लावला आणि गावप्रमुखाकडे पाहिलं. गावप्रमुखाने एक बोट वर केलं: थांब. दोन्ही गावांनी श्वास धरला. चेंडू खाली येऊ लागला.

आलापाती दोन्ही हातांत बॅट उंच धरून, समुद्राकडे तोंड करून, आरोळीची वाट बघत उभा होता. आरोळी झाली. इतकी मोठी आजवर झाली नव्हती, आणि दोन्ही गावांची होती.

तोमासीने येऊन शंख त्याच्या हातात दिला. आलापातीने बॅट खाली घेतली.

“कुठे गेला?” त्याने पेलेला विचारलं. “पार खडकांपलीकडे?”

“इओसेफोच्या हातात.”

आलापातीने लुंगी नीट केली.

“मग फिटला,” तो म्हणाला.